एका बेटाची शिरगणती

मॉरिशसमध्ये मूळचे असे कोणीच नाही. डच खलाशी १५९८ मध्ये तिथे उतरले तेव्हा बेटावर डोडो पक्षी होते, वस्ती नव्हती. त्यानंतर जो कोणी आला तो जहाजातून आला, आणि जहाजातून उतरणाऱ्याची नोंद कोणी ना कोणी ठेवली. कधी मालकाने, कधी कप्तानाने, कधी सरकारी कारकुनाने. गोव्याच्या जेमतेम निम्म्या आकाराचे हे बेट. पण तिथली माणसे कुठून आली, कधी आली, किती जगली, याचे दप्तर इतके भरगच्च आहे की कितीतरी मोठ्या देशांना हेवा वाटावा.

हे दप्तर रयतेच्या भल्यासाठी सुरू झाले नाही. आधी गुलाम मोजले गेले, मग गिरमिटिये मजूर. त्याच मजुरांच्या नातवंडा-पणतवंडांनी पुढे देश चालवायला घेतला आणि मोजणीचे खातेही त्यांच्या हाती आले. स्टॅटिस्टिक्स मॉरिशस या सरकारी संस्थेचे आकडे आज आफ्रिकेत विश्वासार्ह मानले जातात, त्यामागे ही पावणेदोनशे-दोनशे वर्षांची वाटचाल आहे. ती सरळ झालेली नाही. आणि तिच्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय एक रकाना न भरण्याचा आहे.

फ्रेंचांच्या काळात, म्हणजे १७१५ नंतर, मळेवाल्यांनी आपल्याकडचे गुलाम सरकारला कळवायचे असत, कारण त्यावर कर बसे. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. गुलामांचा व्यापार इंग्लंडने १८०७ मध्येच बंद केला होता, पण मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चोरटी आयात चालूच राहिली. ती रोखायची तर बेटावर गुलाम किती हे ठाऊक हवे. म्हणून लंडनच्या हुकमाने १८१५ पासून गुलामांची नावनिशीवार नोंदवही सुरू झाली. मळेवाल्यांनी ती मनापासून भरली नाही. नोंदणी चुकवली गेली आणि मेलेल्या गुलामाचे नाव नव्याने आणलेल्याला चिकटवल्याचे आरोप झाले. अखेर १८२६ मध्ये नोंदणी नव्याने करावी लागली, आणि त्याच सुमारास लंडनहून आलेल्या चौकशी आयोगाने या सगळ्या व्यवहारात लक्ष घातले.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने भरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना. सहासष्ट हजारांहून अधिक माणसांपोटी मळेवाल्यांना वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. वय आणि काम पाहून प्रत्येकाची किंमत ठरली. दहा-वीस वर्षे आकडे लपवणारे मालक आता एकेक डोके मोजून दाखवायला तयार होते. आकडा सांगण्यात कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मॉरिशसच्या बाबतीत तर हे पहिल्या पानापासूनच ध्यानात ठेवावे लागते.

याच काळात बेटाला त्याचा पहिला संख्याशास्त्रीय ग्रंथ मिळाला. बॅरन द'युनिएनव्हिल हे वसाहतीचे दप्तरदार. जमीन, पीक, व्यापार, लोकसंख्या, गुलाम असे सगळे त्यांनी जुन्या कागदांतून गोळा केले. ते १८३१ मध्ये वारले आणि त्यांचे तीन खंड १८३८ मध्ये पॅरिसला छापून आले. स्वतंत्र खाते नव्हते, हाताखाली प्रशिक्षित माणसे नव्हती. एका दप्तरदाराची चिकाटी एवढेच त्या वेळचे संख्याशास्त्र.

गुलामगिरी संपत आली तरी ऊस थांबणारा नव्हता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर आली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि काही मुंबई बंदरातून. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरीकडची आणि एकूणच कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

बंदरावरच्या नोंदणी कचेरीत, जी जागा आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे, प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव असे रकाने भरले जात. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही काढू लागले. कारकुनाला गावाचे नाव नीट ऐकू आले नाही तर तो ऐकू आले तसे लिही. या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. आपले खापरपणजोबा कोणत्या तालुक्यातून निघाले हे शोधायला लोक तिथे येतात. पकडून ठेवण्यासाठी केलेली नोंद नातवंडांच्या हाती वंशावळ होऊन आली.

पण त्या वेळी तो क्रमांक गळ्यातला दोरच होता. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. परवाना नसला, किंवा एका जिल्ह्याचा परवाना घेऊन माणूस दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, की भटक्या म्हणून पोलीस उचलत. अडॉल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याला हे सहन झाले नाही. त्याने मजुरांच्या तक्रारी लिहून काढल्या आणि १८७१ मध्ये ९,४०१ जणांचा अर्ज गव्हर्नरपुढे ठेवला. मळेवाल्यांनी त्याच्यावर हात टाकला, त्याला बेटाबाहेर काढण्याची मागणी केली. पण नऊ हजार चारशे एक हा आकडा लंडनला डावलता आला नाही. शाही आयोग नेमला गेला. त्यातले विल्यम फ्रिअर हे मुंबई सरकारच्या सेवेत वर्षे घालवून आलेले, दुसरे व्हिक्टर विल्यमसन. दोघांनी वह्या, पगारपत्रके, तुरुंगाच्या याद्या चाळल्या आणि १८७५ मध्ये जो अहवाल दिला त्यात पोलिसांचा जाच आणि पगारकपात उघडी पडली. मजुरांना बांधून ठेवायला केलेल्या नोंदी त्यांच्या बाजूने बोलल्या. माझ्या मते मॉरिशसच्या संख्याशास्त्राचा खरा आरंभ हा आहे.

दरम्यान खानेसुमारी रुजली होती. गुलामगिरी संपल्यावरची पहिली सर्वांगीण शिरगणती १८४६ मध्ये झाली, तेव्हा बेटावर १ लाख ५८ हजार माणसे होती. पंधरा वर्षांत ती ३ लाख १० हजारांवर गेली आणि त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक भारतीय होते. मग १८६० च्या दशकाच्या मध्याला हिवताप आला. एकट्या १८६७ मध्ये तिसेक हजार माणसे तापाने गेली असावीत. पोर्ट लुईतले पैसेवाले उंचावरच्या क्युरपीपला पळाले, मजूर होते तिथेच मेले. मजूर येतच असूनही १८७१ च्या मोजणीत दहा वर्षांची वाढ अवघी सहा हजार निघाली. त्यानंतर बेट जणू थिजले. १८८१ ला ३ लाख ६० हजार, १९३१ ला ३ लाख ९३ हजार. मधल्या एका दशकात, १९०१ ते १९११, लोकसंख्या चक्क घटली.

आकड्यांत खोटेही बरेच होते, आणि ते हेतुपुरस्सर नसले तरी माणसाला बोचणारे होते. हिंदू पद्धतीने लागलेले लग्न जोवर सरकारी वहीत चढत नाही तोवर कायद्याला ते लग्न नव्हते. त्यामुळे अशा संसारातली मुले 'अनौरस' या रकान्यात जात. वर्षानुवर्षांचे सरकारी तक्ते एका अख्ख्या समाजाला बिनलग्नाचा ठरवत राहिले. तक्त्यातली बेरीज अचूक होती. चूक होती ती प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात.

१९३७ मध्ये उसाच्या मळ्यांत दंगे झाले, १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे मजुरांवर गोळीबार झाला आणि त्यात अंजली कूपन ही गरोदर स्त्री मरण पावली. मजुरी किती असावी, तांदूळ किती महागला, कुटुंबाचा खर्च किती, हे प्रश्न आता टाळता येत नव्हते. त्यात युद्धाची टंचाई. १९४१ ला व्हायची खानेसुमारी युद्धामुळे १९४४ वर गेली. लंडनला वसाहत खात्यासाठी रॉबर्ट कुचिन्स्की हे जर्मनीतून आलेले लोकसंख्याशास्त्रज्ञ ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींचे आकडे तपासत होते, आणि त्यांच्या ग्रंथात मॉरिशसवर स्वतंत्र भाग आहे. अशा वातावरणात १९४५ मध्ये पोर्ट लुईला मध्यवर्ती सांख्यिकी कचेरी उघडली. विखुरलेल्या खात्यांचे आकडे एका छपराखाली यावेत हा उद्देश. १९५१ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. माहिती मागण्याचा अधिकार आला, आणि दिलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही आले.

कचेरी नेमकी वेळेवर उघडली, कारण पुढच्या दहा वर्षांत बेटाचा नूर पालटला. १९४९ पासून डीडीटीची फवारणी करून हिवतापावर मोहीम निघाली. चाळीसच्या दशकात मृत्यूचे प्रमाण दर हजारी सत्तावीसच्या आसपास होते, ते पन्नासच्या दशकाच्या आरंभी पंधरावर आले. सरासरी आयुर्मान तेहतीसवरून एक्कावन्नच्या घरात गेले, तेही दहा वर्षांच्या आत. जन्म मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना जास्त. १९५२ ला ५ लाख १ हजार, १९६२ ला ६ लाख ८२ हजार. पन्नास वर्षे थिजलेली लोकसंख्या दहा वर्षांत छत्तीस टक्क्यांनी वाढली.

या वाढीचा अर्थ लावायला इंग्लंडहून दोन मंडळी आली. समाजकल्याणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस आणि त्यांचे सहकारी ब्रायन एबल-स्मिथ यांनी लोकसंख्येकडे पाहिले. जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी अर्थव्यवस्थेकडे. दोन्ही अहवाल १९६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि दोन्ही वाचवत नाहीत इतके काळजीचे आहेत. निर्यात म्हणजे जवळजवळ एकटी साखर. जमीन संपलेली. जन्मदर असाच राहिला तर शतक सरताना तीस लाखांच्या आसपास माणसे या बेटावर असतील, असा टिटमस यांचा हिशेब. शांततेने प्रगती होईल याची मीड यांना फारशी आशा नव्हती.

हे अंदाज पुढे चुकले, आणि ते चुकल्याचे सांगताना लोक परदेशी तज्ज्ञांना हसतात. मला हे हसणे पटत नाही. तीस लाखांचे भाकीत नव्हते, 'काहीच केले नाही तर' या अटीवरचे गणित होते. आणि ते इतक्या ठामपणे मांडता आले कारण बेटावरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी भक्कम होत्या. त्या काळी आफ्रिकेतल्या बहुतेक वसाहतींत जन्माची नोंदच धड होत नव्हती. तिथे असा इशारा देणेही शक्य नव्हते.

इशारा लागू पडला. कुटुंबनियोजन संघटना १९५७ मध्येच निघाली होती, पण कॅथलिक चर्चचा विरोध तीव्र होता. आकडे समोर आल्यावर वादाची दिशा बदलली. चर्चच्या पाठिंब्याने १९६३ मध्ये 'अ‍ॅक्सियों फामिलियाल' ही नैसर्गिक पद्धत शिकवणारी संस्था उभी राहिली आणि सरकारने दोन्ही संस्थांना मदत दिली. प्रत्येक जोडप्याने आपल्या श्रद्धेला मानवेल तो मार्ग घ्यावा, अशी ही व्यवहारी तडजोड होती. मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय पुढे गेले. साठच्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होत, ती १९७२ पर्यंत साडेतीनच्या खाली आली. सक्ती न करता इतका वेगाने खाली आलेला जन्मदर जगात क्वचितच दिसतो. २००० च्या खानेसुमारीत लोकसंख्या निघाली बारा लाखांपेक्षा किंचित कमी.

मीड यांनी साखरेपलीकडे, हातांना काम देणाऱ्या उद्योगांकडे वळण्याचा सल्ला दिला होता. १९७० मध्ये निर्यात उद्योगांसाठी खास कायदा झाला आणि ऐंशीच्या दशकात कपड्यांच्या कारखान्यांत ऐंशी-नव्वद हजारांवर नोकऱ्या निर्माण झाल्या, त्यांत बहुसंख्य स्त्रिया.

पण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आकडे एका वेगळ्याच अर्थाने तापले होते. १९४८ पर्यंत मत होते अवघ्या बारा हजार लोकांना. त्या वर्षी बेटावरच्या कोणत्याही प्रचलित भाषेत साधे वाक्य लिहू-वाचू शकणाऱ्याला मत मिळाले आणि मतदार सत्तर हजारांवर गेले. १९५९ ला सर्व प्रौढांना मताधिकार आला. आता खानेसुमारीचा तक्ता म्हणजे सत्तेचा नकाशा झाला. बहुसंख्य हिंदू स्वातंत्र्याच्या बाजूने होते. क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज, आणि फ्रेंच वंशाचे लोक यांतल्या अनेकांना, आणि काही मुस्लिमांना, बहुसंख्यांच्या राज्यात आपले काय होईल ही धास्ती होती. १९६६ मध्ये बॅनवेल आयोगाने निवडणूक पद्धत सुचवली, तीवर गदारोळ झाला, आणि ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस यांनी येऊन तोडगा काढला.

तोडगा असा. बासष्ट आमदार निवडून येतील. मग हरलेल्या उमेदवारांतून आठ जणांना जागा मिळतील, ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या त्याच्यातून. यासाठी घटनेत चार समाज धरले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिघांत न बसणारे ते सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज जाहीर करायचा. प्रत्येक समाजाची खानेसुमारीतली संख्या घ्यायची, तिला त्या समाजाच्या जागा अधिक एक याने भागायचे, ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याला जागा. साधे पाचवी-सहावीचे गणित. पण भाज्य म्हणून वापरायची संख्या यायची सांख्यिकी कचेरीतून.

१९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी जिंकले, तरी चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास मते विरोधात पडली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल-मुस्लिम दंगल उसळली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले, आणि त्याच सावटाखाली १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून घेतली होती. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ व्हायचा होता, म्हणून तिथे कायमची वस्ती नाही, आहेत ते कंत्राटी कामगार, अशी भूमिका लंडनच्या अधिकाऱ्यांनी ठरवून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी दीड-दोन हजार माणसे १९७३ पर्यंत हलवली गेली. ज्यांना मोजायचेच नाही त्यांना हाकलणे किती सोपे होते, हे मॉरिशसच्या राज्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते तोडणे बेकायदा ठरवणारे मत दिले.

स्वतंत्र देशाची पहिली खानेसुमारी १९७२ ची. मुख्य बेटावर ८,२६,१९९ माणसे. त्यांत हिंदू ४,२८,१६७, सर्वसाधारण लोकसंख्या २,३६,८६७, मुस्लिम १,३७,०८१, चिनी वंशाचे २४,०८४. हे चार आकडे मॉरिशसच्या राजकारणात घर करून बसले आहेत. कारण १९८२ मध्ये विरोधी आघाडी मुख्य बेटावरच्या सगळ्याच्या सगळ्या साठ जागा जिंकून आली, अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, आणि नव्या सरकारने खानेसुमारीतून समाजाचा प्रश्नच काढून टाकला. माणसाने स्वतःला मॉरिशसवासी म्हणावे, दर दहा वर्षांनी त्याला जातकुळी विचारू नये, ही भूमिका. आठ जागांची तरतूद मात्र रद्द झाली नाही. तिच्यासाठी १९७२ चेच आकडे वापरायचे अशी घटनादुरुस्ती झाली.

१९८३ ची मोजणी या रकान्याशिवाय झाली, आणि तेव्हापासून आजतागायत तो रिकामा आहे. संख्याशास्त्रज्ञाला हे खुपायला हवे, कारण कायदा ज्या संख्येवर चालतो ती संख्याच जुनी. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही नेमके हेच म्हटले: ताजी आकडेवारी नसताना उमेदवारावर समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हा हक्कभंग आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल झाली, नंतर परत आली.

तरीही मी १९८२ च्या निर्णयाच्या बाजूने आहे. कारण तो रकाना भरला जात राहिला असता तर प्रत्येक गणनेच्या वर्षी घराघरांत प्रचार झाला असता आणि गणकाला दारात उभे करण्याआधी त्याची जात विचारली गेली असती. मग घरातली माणसे, कमाई, शिक्षण यांची उत्तरेही गढूळ झाली असती. एक प्रश्न सोडून कचेरीने उरलेल्या सगळ्या प्रश्नांवरचा विश्वास राखला.

धर्म आणि भाषा विचारणे चालू आहे, आणि तिथे मराठी माणूस दिसतो. धर्माच्या तक्त्यात मराठी, तमिळ, तेलुगू असे गट वेगळे येतात. भाषेचे दोन प्रश्न असतात: पूर्वजांची भाषा कोणती आणि घरी बोलता ती कोणती. मराठी ही पूर्वजांची भाषा सांगणारे हजारोंनी आहेत, घरी मराठी बोलणारे त्यांच्या एका छोट्या हिश्श्याइतके. दहातल्या आठांहून अधिक घरांत फ्रेंचमधून घडलेली क्रिओल भाषा बोलली जाते. शाळांत मराठी शिकवण्याची सोय तिथे आहे. ती कोणासाठी आणि किती, हे ठरवायला पहिला आकडा पाहायचा की दुसरा, हा प्रश्न तिथल्या मराठी मंडळींना टाळता येणारा नाही.

लहान देशाच्या कचेरीपुढच्या अडचणी बाहेरून कळत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि भांडे लहान असो की मोठे, शिते तितकीच तपासावी लागतात. बेरोजगारीचा दर नेमका सांगायला किती कुटुंबे विचारावी हे देशाच्या आकारावर फारसे अवलंबून नसते. १९९९ पासून मॉरिशसमध्ये सलग चालणारी कुटुंब पाहणी आहे, तीत वर्षाला अकरा हजारांवर घरांना भेट दिली जाते, म्हणजे साधारण तीस घरांमागे एक. भारताच्या श्रमबल पाहणीत २०२४ पर्यंत लाखभर कुटुंबे असत, म्हणजे हजारो घरांमागे एक. तक्ते तेवढेच, महागाई निर्देशांक तेवढाच गुंतागुंतीचा, राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब तेवढेच, पण करणारी माणसे मूठभर आणि खर्च उचलणारा देश अवघ्या बारा लाखांचा.

दुसरी अडचण गुप्ततेची. एखाद्या उद्योगात कारखानेच दोन किंवा तीन असतील तर 'उद्योगाचा एकूण नफा' छापणे म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे. असे तक्ते एकत्र करून किंवा गाळून छापावे लागतात. साखर कारखाने कमी होत गेले तशी ही पंचाईत वाढली.

१९९९ च्या कुटुंब पाहणीआधीची पद्धत अधुरीही होती. साठच्या दशकापासून दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या मोठ्या आस्थापनांची मोजणी होई. फेरीवाला, शिंपी, मच्छीमार, घरकाम करणारी बाई यांचा पत्ता दोन खानेसुमारींच्या मध्ये लागत नसे. बेरोजगार म्हणजे रोजगार कचेरीत नाव घातलेला, असे धरले जाई. पण कपड्यांच्या कारखान्यांत शिरलेल्या हजारो मुलींनी आधी कुठेच नाव घातले नव्हते. घराघरांत जाऊन विचारणारी पाहणी आल्यावर ही उणीव भरून निघाली.

२००० मध्ये नवा सांख्यिकी कायदा झाला आणि पुढे कचेरीचे नाव स्टॅटिस्टिक्स मॉरिशस असे पडले. २०१२ मध्ये देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आकडेवारी मानकाची अट स्वीकारली. कोणता आकडा कोणत्या दिवशी येणार हे आधीच जाहीर करायचे, आणि मंत्र्याला गैरसोयीचा असला तरी त्याच दिवशी छापायचा. आफ्रिकेतल्या फार थोड्या देशांनी तोवर हे केले होते. हे नुसते परदेशी बँकांना दाखवायचे प्रमाणपत्र नाही. वर्षअखेरीला सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात आणि महागाईपोटी पगारात किती भर घालायची ते ठरवतात. त्या बैठकीचा पाया असतो कचेरीचा महागाई निर्देशांक. त्यासाठी दर पाचेक वर्षांनी घरखर्चाची नवी पाहणी होते, लोक कशावर पैसे खर्च करतात हे बदलत असते म्हणून.

कोविडने २०२० मध्ये दारोदार फिरणे बंद पाडले आणि पाहणी काही काळ फोनवरून करावी लागली. २०२१ ची खानेसुमारी वर्षभर पुढे गेली. २०२२ मध्ये गणक कागदी तक्त्यांऐवजी टॅब्लेट घेऊन निघाले.

निकाल आला तो बारा लाख पस्तीस हजारांच्या आसपास, २०११ पेक्षा किंचित कमी. १९११ नंतर प्रथमच एका खानेसुमारीत लोकसंख्या मागच्या खानेसुमारीपेक्षा खाली गेली. तेव्हा कारण हिवताप आणि आटलेली मजुरांची आवक हे होते. आता स्त्रीमागे सरासरी दीड मूलही होत नाही आणि तरुण फ्रान्स, ब्रिटन, कॅनडाकडे जातात. साठ वर्षांपूर्वी तीस लाखांच्या भीतीने झोप उडालेल्या देशाला आता कामाला हात कमी पडतात, आणि कारखान्यांत बांगलादेशातून आलेले कामगार दिसतात.

साठीनंतर प्रत्येकाला सरकारी पेन्शन ही मॉरिशसची अभिमानाची गोष्ट होती. वृद्धांची संख्या वाढत गेली तसा तिचा बोजा वाढला. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेण्याचे जाहीर केले आणि कामगार संघटना रस्त्यावर आल्या. उसात आणि बांधकामावर खपलेल्या माणसाला आणखी पाच वर्षे थांबा म्हणणे अन्यायाचे, असे त्यांचे म्हणणे. ते खरे ठरते का, हे तपासायला कष्टकऱ्यांचे आयुर्मान वेगळे मोजावे लागेल. मॉरिशसकडे मृत्यूच्या पूर्ण नोंदी आहेत, कामधंद्याच्या पाहण्या आहेत, आणि हे दोन्ही जोडण्याचे कौशल्य असलेली माणसेही आहेत. तो तक्ता तयार करून संसदेपुढे ठेवायला हवा, वयाची मर्यादा पासष्टपर्यंत पोचण्याच्या आत.